बॉर्डर कोली + हस्की मिक्स: जितकं पळवतोय तितकी जास्त पेटतेय, काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते. आमची भिंगरी आता ११ महिन्यांची आहे, आई बॉर्डर कोली आणि बाप सायबेरियन हस्की. आधीच्या घरी झेपली नाही म्हणून पाचव्या महिन्यात आमच्याकडे आली. एक डोळा निळा, एक तपकिरी, बघितलं की माणूस विरघळतोच, आम्हीही विरघळलो. भिंगरी हे नाव ठेवलं ते तिने फारच मनावर घेतलंय. "असा कुत्रा घेतलाच कशाला" असं कृपया लिहू नका, ते काम घरात सासूबाई रोज करतात.

तर प्रॉब्लेम असा. सगळे म्हणाले की दमवा, दमलेला कुत्रा शहाणा असतो. म्हणून नवरा पहाटे तिला सायकलबरोबर पळवतो, पाच-सहा किमी, आणि संध्याकाळी मी तासभर बॉल फेकते. सुरुवातीला अर्ध्या तासात गार पडायची, मग तास लागायला लागला, आता दोन्ही मिळून दोन तासांच्या वर जातं आणि तरी रात्री आठ वाजता बाईसाहेब जीभ लोंबतेय, छाती धपापतेय, डोळे वटारलेले, अशा अवस्थेत बॉल आणून माझ्या पायावर टाकतात, मी नाही उचलला तर नाकाने अजून दोन इंच पुढे ढकलतात, परत नाही उचलला तर भुंकतात. आम्ही हिला दमवत नाही आहोत, हिचा स्टॅमिना वाढवून देतोय असं मला आता वाटायला लागलंय.

दुसरं म्हणजे मुलगा, वय ६. तो घरात पळायला लागला की ती मान खाली घालते, एक पुढचा पाय उचललेला तसाच हवेत, डोळा त्याच्यावरून हलत नाही, आणि मग टेबलाला वळसा घालून त्याला बरोब्बर सोफ्याच्या कोपऱ्यात नेऊन उभा करते. आधी आम्ही हसायचो, व्हिडिओ काढायचो. गेल्या आठवड्यात तिने त्याची टाच दातात धरली. रक्त नाही आलं पण लाल वळ उठला आणि तो रडला, आणि माझं हसू गेलं. सासूबाईंनाही ती बाथरूमला एकटं जाऊ देत नाही, मागून रेटत रेटत परत हॉलमध्ये आणते.

रात्री बसून या दोन्ही जातींबद्दल वाचत असते. हस्कींचे पूर्वज सायबेरियातल्या चुकची लोकांचे, मैलोन्मैल स्लेज ओढायला तयार केलेले. १९२५ साली अलास्कात नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध अशा कुत्र्यांनी सुमारे १०८५ किमी बर्फातून साडेपाच दिवसांत पोचवलं, त्यातला सगळ्यात लांब टप्पा टोगो नावाच्या हस्कीच्या टीमने मारला. इकडे बॉर्डर कोली म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची, नुसत्या नजरेने मेंढ्या वळवणारी. स्लेजचा पुढचा कुत्रा म्हणे बर्फ कच्चा दिसला तर मालकाने सांगितलं तरी पुढे जायचा नाही, तसाच तो हवा असायचा, आणि कोली मात्र धनगराच्या शिट्टीवर डोळे लावून. आमच्याकडे हे दोघं एकाच कातड्यात आहेत. मी हाक मारली की ती थांबते, वळून बघते (ही आई), दोन सेकंद विचार करते (हा बाप), आणि निघून जाते.

आणि एक, जे लिहायला लाज वाटते. नवऱ्याने कौतुकाने लेझर लाइट आणली, भिंतीवर ठिपका फिरवायचा, ही वेडी होऊन मागे. चारच दिवस खेळलो. आता लाइट कपाटात आहे पण माझ्या घड्याळाचा कवडसा भिंतीवर पडला तरी ती तिथे जाऊन बसते, कवडसा गेल्यावरही बघत राहते, हाक ऐकू येत नाही. याची मला जास्त भीती वाटतेय.

गेटची कडी नाकाने उघडते, सायरन ऐकला की सूर लावते वगैरे आहेच, ते सध्या राहू दे. मला एवढंच सांगा, व्यायाम अजून वाढवू की कमी करू? आणि टाच धरणं कसं थांबवू? ओरडून बघितलं, तिला तो खेळच वाटतो.

प्रतिसाद १

ताई, बॉल उद्यापासून बंद. खरंच. आमच्याकडे अशीच जोडी होती, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि हस्की, आम्ही दोन वर्षं हाच घोळ घातला. बॉल फेकणं म्हणजे हेर, पाठलाग कर, पकड, परत हेर, असं शंभर वेळा, मेंढ्या कधी गोठ्यात जातच नाहीत. शरीर दमतं पण डोकं उकळत राहतं. लेझरमध्ये तर पकडायलाही काही नाही म्हणून ते सगळ्यात वाईट, कोलीला सावल्या-कवडशांचं वेड लागतं ते असंच. घड्याळ काही दिवस काढून ठेवा, ती बघत बसली की ओढू नका, ओरडू नका, दुसरं काम द्या आणि खोलीतून बाहेर न्या. महिनाभरात कमी झालं नाही तर व्हेटना दाखवाच, हा नुसता सवयीचा भाग नसतो कधीकधी.

त्याऐवजी नाकाचं काम. तिचं जेवण भांड्यात देऊच नका, गवतात पसरून टाका, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून द्या, खोक्यात लपवा. वीस मिनिटं हुंगून आमचा जेवढा गाढ झोपायचा तेवढा तासभर पळून नाही झोपला. आणि झोप शिकवावी लागते हो! मोठा कुत्रा दिवसात १२-१४ तास झोपतो, तुमची किती झोपते ते एक दिवस लिहून काढा.

प्रतिसाद २

गरम होत असेल बिचारीला, अंगावर एवढी लोकर. मशीन मारून केस काढून टाका, आपोआप शांत होईल.

प्रतिसाद ३

वरचं अजिबात करू नका प्लीज. दुहेरी कोट असतो, आतली मऊ लोकर आणि वरचे राठ केस, वरचे केस उन्हापासून वाचवतात आणि एकदा मुळापासून काढले की कधीकधी धड परत येत नाहीत. आतली लोकर विंचरून काढा, सीझनला पोतंभर निघते. पळवायचं ते पहाटे किंवा रात्रीच, आणि रस्त्यावर तळहात पाच-सात सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर तिच्या पंजालाही बसणार.

पण सायकल आत्ता नको. ११ महिन्यांत हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. दीड वर्षानंतर व्हेटना विचारून ओढण्याचा हार्नेस घाला आणि तिला खरंच ओढू द्या, बापाची भूक तिथे भागेल. तोवर लांब दोरीवर तिला हवं तिथे हुंगत फिरू द्या, वेग तिचा.

टाचेचं: ती चावत नाहीये, कळप वळवतेय, पण मुलासाठी दोन्ही सारखंच. दोघांना एकत्र सोडून स्वयंपाकघरातसुद्धा जायचं नाही, मध्ये लहान मुलांचं गेट लावा. मुलाला स्टॅच्यू खेळायला शिकवा. तिने मान खाली घातली की स्टॅच्यू! न पळणाऱ्या मेंढीत तिला मजा नाही. त्याच क्षणी तुम्ही तिला सतरंजीवर बोलवा आणि तिथे काहीतरी चघळायला द्या. पाय उचलला की बोलवायचं, दात लागल्यावर नाही, तेव्हा उशीर झालेला असतो.

अजून एक, जंताचं किंवा गोचिडाचं औषध देताना कोली मिक्स आहे हे व्हेटना आवर्जून सांगा. कोली घराण्यात एमडीआर१ जनुकाचा दोष असतो, त्यात आयव्हरमेक्टिन या जंत-गोचिडांवरच्या औषधाचा मोठा डोस मेंदूवर जातो. बॉर्डर कोलीत कमी आढळतो, तरी सांगा.

धागाकर्ती (बारा दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. झोप मोजली, नऊ तास भरली, तीही तुकड्यातुकड्यांत. बॉल बंद केल्यावर पहिले तीन दिवस तिने जे रडगाणं लावलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं, नवरा तर चौथ्या दिवशी बॉल शोधत होता, मी लपवला होता. पाचव्या दुपारी टॉवेल उलगडून झाल्यावर ती तिथेच, टॉवेलवरच, आडवी झाली आणि दोन तास हलली नाही. मी मध्ये जाऊन श्वास चालू आहे ना ते बघून आले.

कवडसा अजून आहे पण हाक मारली की वळते, व्हेटची वेळ पुढच्या आठवड्यात घेतलीय. स्टॅच्यू मस्त चालतंय. मुलगा थांबला की ती गोंधळून त्याच्या समोर बसते आणि माझ्याकडे बघते, म्हणजे जणू तक्रार, ही मेंढी बिघडलीय. टाचेला परत दात लागले नाहीत. सासूबाईही आता बाथरूमच्या वाटेवर मध्येच पुतळा होतात.

राहिली ती गेटची कडी. कुलूप लावलं परवा. तर ती आता कुलूप सोडून आम्ही किल्ली कुठे ठेवतो ते बघत बसते. मी गंमत करत नाहीये, यावर कोणाकडे काही उपाय असेल तर सांगा.