मदत हवी आहे : फोर्टच्या आवारातली सावली कशी नोंदवू?

नमस्कार मंडळी, मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासाला मुंबई विद्यापीठाचा फोर्ट परिसर घेतलाय. राजाबाई टॉवर १८७८चा, आराखडे गिल्बर्ट स्कॉटचे, ही माहिती सहज मिळते. मला वेगळंच टिपायचंय. भर दुपारी माणसं नेमकी कुठे टेकतात? ग्रंथालयाच्या कमानींखालचा गारवा, दीक्षान्त सभागृहाबाहेरचे उघडे गोल जिने, पामच्या झाडांची सरकत जाणारी बारीक सावली, ओव्हल मैदानाकडून येणारा वारा... हे कुठल्याच आराखड्यात सापडत नाही आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

एकाच नकाशावर तासातासाची सावली आणि माणसांची ये-जा कशी दाखवायची? कुणी असं काम केलं असेल तर नमुना दाखवाल का? आणि आत मोजमापं घ्यायला परवानगी कुणाकडे मागायची?