माइनक्राफ्टमध्ये कॅल्क्युलेटरचं ॲडऑन: हिशोब करणं हा खेळाचा भाग आहे की नाही?

आडवीवीट:

आमच्या पाच मित्रांच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर (जावा ही संगणकावरची आवृत्ती, सर्व्हायव्हल म्हणजे साहित्य स्वतः जमवून खेळायचा प्रकार) या आठवड्यात चांगलंच वाजलं. कारण एवढंच, की मी गेममध्येच चालणारं कॅल्क्युलेटरचं ॲडऑन (गेमला वरून जोडायचा भाग, जावात त्यालाच मॉड म्हणतात) घातलं. चॅटच्या ओळीत बरोबरचं चिन्ह टाकून गणित लिहायचं, उत्तर फक्त मला दिसतं, तेही स्टॅकमध्ये (६४ नगांचा एक गठ्ठा) फोडून. बाकी ते काहीच करत नाही. एका मित्राच्या मते ही फसवणूक आहे, काढून टाक म्हणतो. मी काढलेलं नाही.

माझी बाजू मांडतो. मी दगडी विटांचा मोठा मंडप बांधतोय. लांबी ६१, रुंदी ४१, भिंती १८ ब्लॉक उंच. फरशीला ६१ × ४१ म्हणजे २,५०१. भिंतींना २ × (६१ + ४१) × १८ म्हणजे ३,६७२. एकूण ६,१७३, म्हणजे ९६ स्टॅक आणि वर २९. कोबल (खणल्यावर मिळणारा फुटका दगड) फर्नेसमध्ये, म्हणजे भट्टीत, भाजून दगड करायचा तर एका कोळशात ८ नग होतात, म्हणून कोळसे ७७२. एका नगाला १० सेकंद, म्हणजे एकाच फर्नेसला सतरा तासांच्या वर लागले असते. हे आधीच कळल्यामुळे आठ फर्नेस मांडले आणि सव्वादोन तासांच्या आत भाजणं उरकलं.

हे सगळं फोनवर करता येतं, मान्य. पण सर्व्हरवर खेळ थांबत नाही. फोनमध्ये मान घालून आकडे मारत बसलो तर मागून क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) येतो, आणि तो फुसफुसायला लागल्यापासून फुटेपर्यंत जेमतेम दीड सेकंद मिळतो. माझे दोन तासांचे कष्ट असे गेलेत. मंडपात उजेड कुठून येईल, खांब किती अंतरावर शोभतील, यात मला रमायचंय. गुणाकारात नाही. तुम्हाला काय वाटतं?

चौसष्टी:

असहमत. फसवणूक मीही म्हणणार नाही, तुमच्या मित्राने फार मोठा शब्द वापरला. पण तुमच्याच गणितात माझं उत्तर आहे. तुम्ही चारही कोपरे दोनदा मोजलेत. ६१ आणि ४१ या बाहेरून घेतलेल्या लांब्या असतील तर भिंतीचा एक थर २०४ नाही, २०० ब्लॉकचा. म्हणजे भिंती ३,६०० ब्लॉकच्या, ७२ जास्तीचे भाजलेत. ॲडऑनने गुणाकार चोख केला, पण चुकीच्या मांडणीचा. कागदावर आयत काढून कोपऱ्याशी पेन थांबलं असतं तर हे लगेच दिसलं असतं.

दुसरं, ७७२ कोळशांचं उत्तर त्याने दिलं, पण सिल्क टच नावाची जादू घातलेल्या कुदळीने दगड सरळ दगड म्हणूनच निघतो, भाजायची गरजच नाही, हे ते सांगणार नव्हतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आकडे घोळवत बसलं की माणूस कंटाळतो आणि कंटाळला की दुसरी वाट शोधतो. तो कंटाळा मला मोलाचा वाटतो.

आडवीवीट:

कोपऱ्यांचं खरं आहे. आत्ता जाऊन एक थर मोजला, २००च. चूक माझी. सिल्क टच मात्र आमच्याकडे अजून कोणाला मिळालेलं नाही, ते माहीत होतं.

पण एक सांगा, ही चूक कॅल्क्युलेटरमुळे झाली का? बोटांवर मोजलं असतं तरी मी २०४ च धरले असते.

रात्रपाळी:

मी एक छोटा सर्व्हर सांभाळतो, म्हणून नियमांपुरतं बोलतो. आमची कसोटी साधी आहे: जे पडद्यावर दिसत नाही ते हे साधन दाखवतं का? एक्स-रे (दगडांआडचं खनिज दाखवणारं मॉड) दाखवतं, म्हणून बंदी. सीडवरून, म्हणजे ज्या आकड्यावरून सगळं जग तयार होतं त्यावरून, नकाशा काढून गाव आणि किल्ले शोधणं, तेही बंद. कॅल्क्युलेटर तुम्हीच टाकलेल्या आकड्यांवर चालतं, सर्व्हरकडून काही मागत नाही. त्याला आमची परवानगी आहे आणि राहील.

अवघड जागा पुढे आहे. लिटमॅटिकासारखं मॉड आराखड्यावरून साहित्याची यादी स्वतः काढतं. काही मॉड वस्तूच्या कृतीमागची कृती उलगडत पार कच्च्या मालापर्यंत हिशोब नेतात. यांनाही आम्ही हो म्हणतो, पण तिथे कुरकूर होते आणि ती मला समजते.

बेडरॉकवाल्यांनी (जावाखेरीजची दुसरी आवृत्ती) एक लक्षात ठेवा. तिथे बिहेव्हियर पॅक, म्हणजे असं ॲडऑन, जगाला जोडला जातो, एकट्या खेळाडूला नाही. तुम्ही घातलं की ते सगळ्यांच्या जगात आलं. अचिव्हमेंट्स बंद होतील का तेही आधी पाहा. तिथे इतरांना विचारूनच घाला.

पाटीपेन्सिल:

मी चौसष्टींच्या बाजूने. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिने हेच ॲडऑन मागितलं आणि मी नाही म्हटलं. आठवडाभर रुसली होती. आता तिला ६४ चा पाढा येतो, मी एकदाही म्हणवून घेतला नाही. एक थर खणून एक चंक (जगाचा चौकोनी तुकडा) सपाट करायचा तर १६ × १६ = २५६, म्हणजे चार स्टॅक, हे ती खणता खणता बोलते.

आणि पायऱ्या! क्राफ्टिंग टेबलवर ६ ब्लॉकच्या ४ पायऱ्या होतात. तिने विचारलं, ४० पायऱ्यांना किती? माझ्या आजोबांनी मला दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, पाठ करून घेतली होती, तोंडातून आपसूक साठ निघालं. मग तिलाही दिडकी हवी झाली. हॉपर (वस्तू पुढे सरकवणारी पेटी) सेकंदाला अडीच वस्तू पुढे ढकलतो हे कळल्यावर अडीचकीही. ज्या गोष्टींचा मला लहानपणी वैताग होता त्या ती हौसेने मागतेय. हे मी ॲडऑनच्या हवाली करणार नाही.

काळोखीगुहा:

ताई, तुमच्या मुलीचं वाचून बरं वाटलं. पण सगळ्यांचं तसं होत नाही. मला डिस्कॅल्क्युलिया (आकडे समजण्यातली अडचण) आहे. छत्तीस आणि त्रेसष्ट यांत मी आजही गोंधळतो, आणि मी तिशीत आहे. पाढे म्हणवून घेण्याच्या तासांनी माझं शाळेतलं सगळं सुख खाल्लं. माइनक्राफ्ट ही पहिली जागा, जिथे मी काहीतरी मोठं आणि नेमकं उभारलं. ॲडऑन आल्यापासून मी कोणाला "जरा हे किती होतील सांगशील का" असं विचारत नाही. त्या एका प्रश्नाची मला किती लाज वाटायची हे ज्यांना आकडे येतात त्यांना कळणार नाही.

"हिशोब हाच खेळ" असं म्हणताना दार कोणासाठी बंद होतंय तेवढं पाहा.

पाटीपेन्सिल:

काळोखीगुहा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी माझ्या मुलीपुरतं ठरवलं होतं आणि बोलले मात्र सगळ्यांना उद्देशून. तुमच्या बाबतीत मी हट्ट धरणार नाही.

तारतंत्र:

मी रेडस्टोनवाला (रेडस्टोन म्हणजे गेममधली वीज). या गेममध्ये रेडस्टोनने बेरीज-वजाबाकीची यंत्रं बांधणारे लोक आहेत, कंपॅरेटर नावाचा ब्लॉक तर सिग्नलची वजाबाकी जातीनेच करतो. त्यामुळे मी हाताने मोजणाऱ्यांच्या गोटात असेन असं वाटेल. नाहीये.

वस्तू वेगळ्या करणारा सॉर्टर बांधताना हॉपरच्या पहिल्या खणात ४१ वस्तू टाका आणि उरलेल्या चार खणांत एकेक भरणीची वस्तू, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. मी वर्षानुवर्षं ४१ टाकत आलो. ४१च का, ४० का नाही, हे कधी विचारलं नाही. हातात कॅल्क्युलेटर आल्यावर, हॉपर किती भरलाय यावरून कंपॅरेटरचा सिग्नल ठरवणारं सूत्र घालून पाहिलं. हॉपरच्या पाच खणांत मिळून मावतात ३२० वस्तू. आतल्या वस्तूंना १४ ने गुणायचं, ३२० ने भागायचं, १ मिळवायचा आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. ४१ आणि ४ मिळून ४५ झाल्या, तर उत्तर २.९७, म्हणजे सिग्नल २. एक वस्तू आणखी आली की ३.०१, म्हणजे ३. त्या तिसऱ्या पायरीवर खालचा हॉपर उघडतो. ४० टाकल्या असत्या तर एक वस्तू उशिराने उघडला असता, एवढंच.

हे पाहताना मी पंधरा-वीस वेगवेगळे आकडे घालून बघितले. हाताने केले असते तर दोन करून सोडून दिलं असतं. चौसष्टी, तुम्ही म्हणता तो कंटाळा मला सूत्रापर्यंत कधी घेऊन गेला नाही. उलट त्याने मला ४१ पाठ करायला लावलं.

चौसष्टी:

तारतंत्र, हे उदाहरण पटलं, मनापासून. काळोखीगुहांपुढे तर माझ्याकडे प्रतिवाद नाही.

पण मला जे हरवेल असं वाटतं ते नीट सांगायचा एकदा प्रयत्न करतो. एका चेस्टमध्ये (सामानाच्या पेटीत) २७ खण, खणात ६४. कॅल्क्युलेटर म्हणेल १,७२८, तुम्ही हो म्हणून पुढे जाल. मी एकदा खाणीत बसून हे मनात फोडत होतो. २७ म्हणजे ३ × ३ × ३. ६४ म्हणजे ४ × ४ × ४. म्हणजे दोन्ही मिळून १२ × १२ × १२! एक भरलेली चेस्ट म्हणजे बारा ब्लॉक बाजूचा भरीव घन. शल्करचेही (उचलून नेता येणाऱ्या पेटीचेही) खण २७, म्हणून एका शल्करमध्येही तोच घन. त्या दिवसापासून चेस्ट उघडली की मला तो घन डोळ्यांसमोर दिसतो, आणि एखादी टेकडी पाहिली की तिच्यात किती घन बसतील ते दिसतं. मोजावं लागत नाही. १,७२८ या आकड्यातून हे मला कधीच दिसलं नसतं.

नेदरवारी:

एक व्यावहारिक इशारा, वादात पडत नाही. नेदरसाठी (गेममधलं दुसरं जग, तिथला एक ब्लॉक वरच्या जगातल्या आठांएवढा) निर्देशांकाला ८ ने भागताना ऋण आकडे जपून घ्या. उणे १,००१ भागिले ८ म्हणजे उणे १२५.१२५. गेम खाली उतरतो, म्हणजे उणे १२६. पुष्कळ कॅल्क्युलेटर नुसता अपूर्णांक छाटून उणे १२५ देतात.

रात्रपाळी:

बरोबर, पण त्या एका ब्लॉकने पोर्टल (दोन जगांमधलं दार) चुकत नाही. जावाच्या आत्ताच्या आवृत्त्यांत नेदरकडे जाताना गेम १६ ब्लॉकपर्यंत पोर्टल शोधतो. दोन पोर्टलं जवळजवळ असतील तेव्हाच काळजी घ्या.

आठवलं म्हणून सांगतो. जावात गेम कमीत कमी वेळात संपवणाऱ्यांच्या स्पर्धेत, जिथे मॉडच्या बाबतीत नियम फार कडक आहेत, तिथेही निंजाब्रेन बॉट नावाचं बाहेरचं कॅल्क्युलेटर चालतं. एंडरचे डोळे (किल्ल्याच्या दिशेने उडणारी वस्तू) फेकून कोन घेतला की ते किल्ल्याची जागा काढून देतं. कोन मात्र खेळाडूनेच घ्यायचा, आणि तो किंचित चुकला तरी जागा दूर सरकते. नेमबाजी त्याचीच राहते.

आडवीवीट:

सगळ्यांचे प्रतिसाद मित्राला दाखवले. "फसवणूक" हा शब्द त्याने मागे घेतला. मॉड आवडत नाही म्हणाला, त्याचा तेवढा हक्क आहे. मी ते ठेवतोय.

बाराचा घन मात्र डोक्यातून जाईना. काल मंडपाचं छप्पर आखायला घेतलं तेव्हा आधी कागद काढला. ४१ रुंदीवर दोन्ही बाजूंनी पायऱ्यांच्या वीस-वीस रांगा, प्रत्येक ६१ लांब. ४० × ६१ = २,४४०. टेबलवर केल्या तर दीडपट, म्हणजे ३,६६० ब्लॉक जातील. स्टोनकटरवर एका ब्लॉकची एक पायरी, म्हणून २,४४०च. मग ॲडऑनमध्ये टाकून पाहिलं, जुळलं.

आता समोरचे आणि मागचे त्रिकोण भरायचे राहिलेत. पायऱ्यांच्या आत प्रत्येक थराला दोन कमी होत जातात: ३९, ३७, ३५ असं करत करत वर १. वीस थर.

चौसष्टी:

टाकण्याआधी थांबा. वरून खाली मोजा. १, मग १ आणि ३ मिळून ४, मग ५ मिळवून ९, मग ७ मिळवून १६. काय दिसतंय? वीस थर झाले की वीसचा वर्ग. एका त्रिकोणाला ४००, दोन्हींना ८००, म्हणजे साडेबारा स्टॅक.

आडवीवीट:

वीसच्या वीस आकडे एकेक करून टाकले. ४००.