हक्सलेची कादंबरी ही ‘खात्यापित्या साहेबाची कुरकुर’?

पिंपळपान

परवा इथे कुणीतरी लिहिलं होतं: “ऑल्डस हक्सलेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ कादंबरीवर वेळ घालवू नका. खात्यापित्या इंग्रज साहेबाची कुरकुर आहे ती. सामान्य माणसाच्या घरात चार वस्तू आल्या की या लोकांच्या पोटात दुखतं. शिवाय 1932 सालचं भविष्य, बाटलीतली बाळं वगैरे, काहीएक खरं झालं नाही.” दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

कारखान्यात बाटल्यांमध्ये वाढवलेल्या बाळांवरच अडकलात आणि पुढचं प्रकरण हातून निसटलं. आठेक महिन्यांची ‘डेल्टा’ बाळं, म्हणजे हलक्या कामांसाठीच घडवलेल्या खालच्या वर्गाची. समोर गुलाबांचे वाडगे, मधे रंगीत चित्रांची पुस्तकं उघडून ठेवलेली. बाळं रांगत जातात, पाकळ्या कुस्करतात, पानं चुरगाळतात, खिदळतात. तेवढ्यात भोंगे किंचाळायला लागतात, आणि मग जमिनीतून विजेचा झटका. हाच धडा दोनशे वेळा. त्यानंतर नुसतं फूल पुढे केलं तरी ती बाळं आकांत करतात. पुस्तकं का, ते हे सगळं बघायला आलेल्या विद्यार्थ्यांना कळतं. फुलं का, ते कळत नाही. तिथला संचालक समजावून सांगतो की रानफुलं फुकट असतात, निसर्गाच्या ओढीवर एकही कारखाना चालत नाही. म्हणून ती ओढच तोडायची, आणि तिच्या जागी गावाबाहेर जाऊन खेळायच्या, ढीगभर सामान लागणाऱ्या खेळांची ओढ लावायची. प्रवासाचं भाडं सुटतं, सामानही खपतं.

यात वस्तूंचा तिरस्कार कुठे आहे? राग आहे तो माणसाला काय हवंसं वाटावं हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवून ठेवण्यावर. माझी भाची सहा वर्षांची आहे. दिवाळीत आली होती. सकाळी अंगणात प्राजक्ताचा सडा, आणि ही ओट्यावर बसून दुसरी एक मुलगी खोकी फोडते ते फोनवर बघत होती. मी ओंजळभर फुलं तिच्या मांडीत टाकली. तिने वास घेतला आणि विचारलं, “मावशी, हे कुठून मागवलंस?” त्या दिवशी मला ते प्रकरण आठवलं. आणि तुम्ही म्हणता काही खरं झालं नाही.

मधली आळी

ते मत माझंच. मागे घेत नाही.

तुमच्याकडे अंगण आहे, प्राजक्त आहे. आमच्याकडे चाळ होती. आई पहाटे साडेचारला नळाच्या वेळेला उठून सहा माणसांचे कपडे धुवायची. थंडीत बोटांना भेगा पडायच्या, त्यात साबण गेला की ती तोंडातून आवाज न काढता नुसता श्वास ओढायची. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. 1994 साली वॉशिंग मशीन आलं. तिने त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि पहिल्यांदा लावलं तेव्हा समोर पाट घेऊन पाऊण तास बसून राहिली. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, “काही नाही रे, हात रिकामे आहेत, काय करायचं सुचत नाही.”

हक्सले ईटनला, साहेबांच्या बड्या शाळेत शिकला, नामवंत जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलेंचा नातू. त्याचे कपडे कायम दुसऱ्याच कुणीतरी धुतले असणार. हिंदुस्थानात आला, तेव्हा मुंबईच्या इमारतींना नावं ठेवून गेला. त्याच प्रवासात बोटीवर हेन्री फोर्डचं पुस्तक वाचलं आणि मग फोर्डला देव मानणाऱ्या जगाची गोष्ट लिहिली. फोर्डची गाडी 1908 साली आली आणि कारखान्यातल्या कामगारालाही परवडायला लागली, हे काय पाप झालं? फुलांची ओंजळ पोट भरलेल्यालाच सुचते. आजही हेच म्हणतो.

आर्मेचर

तुम्हा दोघांचं चालू द्या. मला त्या कादंबरीतली एकच गोष्ट बोलायची आहे, झोपेत पोरांच्या कानात घोकून घेतलेला तो धडा: दुरुस्त करण्यापेक्षा फेकणं बरं, जितके टाके तितकी गरिबी.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या अलीकडे माझं दुकान आहे, 22 वर्षं. मिक्सर, पंखे, मशीनचे बोर्ड. पूर्वी मिक्सर आला की चार स्क्रू, कार्बन ब्रश बदलला, कपलर बसवला, अर्ध्या तासात गिऱ्हाईक मार्गी. आता खालचं झाकण रिव्हेट मारून बंद. उघडायचं तर फोडायचं. वॉशिंग मशीनचा बोर्ड अख्खा रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या थरात बुडवलेला असतो, आत दहा-वीस रुपयांचा रिले जळलाय हे मला समोर दिसतं पण तिथवर हात पोचत नाही. ओलाव्यापासून बचाव म्हणे. मग तो खरवडून काढायला वाट तरी ठेवा की! मी गिऱ्हाइकाला सांगतो, बोर्ड नवा घ्या, सहा हजार. तो माझ्याकडे चोर असल्यासारखं बघतो.

मधली आळी, तुमच्या आईंचं 94 चं मशीन असेल तर त्याचा बेल्ट, कपॅसिटर, टायमर, सगळं सुटं मिळायचं. त्या मशीनने सुख दिलं कारण ते टिकलं.

आणि हे आपोआप झालेलं नाही. 1924 साली बल्ब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी जिनिव्हात बसून बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणायचं ठरवलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड. कादंबरी आली त्याच 1932 साली न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड लंडन नावाच्या माणसाने पत्रक काढलं की मंदी घालवायची तर सरकारने बूट, घरं, यंत्रं, सगळ्यांना मुदत ठरवून द्यावी. मुदत संपली की वस्तू कायद्याने मेली. तरी वापरलीत तर कर भरा. हक्सलेने अतिशयोक्ती केली असं म्हणणाऱ्यांनी ते पत्रक वाचावं.

चवदार

आर्मेचरभाऊ, तुमच्या हातातल्या कसबाचा मान आहे. पण ‘टाका’ या शब्दावर इथे सगळ्यांचा ऊर भरून येतोय, तो मला सहन होत नाही.

माझे वडील चपला शिवायचे. दुरुस्तीच करायचे. लोक दारातून चप्पल भिरकावायचे आणि पैसे वरून टाकायचे. मी सातवीपर्यंत दुसऱ्यांच्या मुलींचे फ्रॉक घातले, काखेत ठिगळ लावलेले. एकदा वर्गात एकीने तिचा जुना फ्रॉक ओळखला आणि सगळ्यांना दाखवला. ठिगळ तुमच्यासाठी साधेपणा असेल, आमच्यासाठी ती ओळख होती. पहिल्या पगारातून मी दुकानातून कोरा ड्रेस घेतला, घडीचा वास असलेला. तो वास मी विसरणार नाही.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडं नेसायची पद्धत बदला, अंगावरून जात ओळखू येईल असे दागिने टाका, असं सांगितलं ते उगीच नाही. आणि 1945 साली गांधीवादावर लिहिताना त्यांनी यंत्रांची बाजू घेतली. माणसाला जनावरासारखं राबण्यातून यंत्रच सोडवणार, त्याशिवाय फुरसत नाही, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. आता हक्सलेच्या कादंबरीतलं, त्या यंत्रांच्या जगाबाहेरचं मालपाईस गाव आठवा. तिथे त्या जगातून येऊन अडकलेली, फाटकं नेसलेली लिंडा रडते की कपडे शिवायला मला कुणी शिकवलंच नाही, भोक पडलं की फेकून नवे घ्यायचे एवढंच शिकवलंय. लेखकाला ती किळसवाणी वाटते, आणि ते गावही. माणसासारखं जगायची तिसरी वाट त्याने ठेवलीच नाही.

मधली आळी

हेच म्हणत होतो. माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

आर्मेचर

ताई, पैसे वरून टाकणारे मलाही भेटलेत. पण म्हणून दुरुस्तीच नको? तुमच्या वडिलांच्या हाताला मान नव्हता हा दोष टाक्याचा की टाकून देणाऱ्यांचा? माझ्या दुकानात दोन पोरं शिकायला होती, गेली. आता पार्सलं पोचवतात. मी त्यांना कोणत्या तोंडाने थांबवू?

चवदार

दोष कुणाचा ते मला शिकवू नका. मी ते भोगलंय.

कोरडवाहू

भांडू नका राव, माझं ऐका. पंचावन्न एचपीचा ट्रॅक्टर, दोन वर्षांपूर्वी घेतला. पन्नासच्या वरच्यांना जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 हा धुराचा नियम लागला, म्हणजे इंजिनवर कॉम्प्युटर. धूर कमी होतो, चांगलंच आहे. पण सोमवारी ऐन पेरणीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि इंजिनाचा जोरच गेला. आमच्या गावचा मिस्त्री तीस वर्षं ट्रॅक्टर खोलतो, त्याने बॉनेट उघडून नुसतं पाहिलं आणि हात पुसले. लॅपटॉप लावल्याशिवाय कोड वाचता येत नाही, आणि तो लॅपटॉप फक्त जिल्ह्याच्या शोरूमकडे. ते म्हणतात बुधवारी माणूस पाठवतो. आज शुक्रवार. हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापला जातो.

2022 ला केंद्राने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं पहिल्या यादीत होती. युरोपात 2027 पासून मोबाईलची बॅटरी ज्याची त्याला काढता येईल असा नियम लागू होतोय. आम्हाला काय, दिवा बघत बसायचं? ट्रॅक्टर मला हवाच होता, कुणी झोपेत कानात सांगितलं नाही. पण विकत घेऊनही तो माझा झालेला नाही.

पिंपळपान

कोरडवाहू, मी दोन पानं लिहून जे सांगू शकले नाही ते तुम्ही शेवटच्या वाक्यात सांगितलंत.

चवदार, अंगणातल्या फुलांवरून मी ज्या सुरात बोलले तो सूर मला आता टोचतोय. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांना ‘कमी घ्या’ सांगायचा अधिकार मला नाही. मालपाईसबद्दलही तुमचं खरं आहे. 1946 च्या प्रस्तावनेत हक्सलेनेच कबूल केलंय की लिंडाच्या मुलाला, त्या ‘रानटी’ तरुणाला दोनच पर्याय दिले, वेडं सुख किंवा मागासलेलं गाव, आणि हा पुस्तकातला सर्वांत मोठा दोष आहे. पण म्हणून तो पहिला धडा खोटा पडत नाही, बाबासाहेबांच्या फुरसतीवरून तर मुळीच नाही. त्या कादंबरीत साडेसात तासांचं हलकं काम आहे, पुढे फुरसतच फुरसत. तीत डेल्टाला पुस्तक उघडावंसं वाटू नये म्हणूनच तर तो झटका. कादंबरीतल्या आयर्लंडमध्ये चार तासांचा दिवस करून पाहिला, तर लोकांनी वाढलेल्या वेळात सोमाच्या, म्हणजे गुंगीच्या, गोळ्या जास्त खाल्ल्या. यंत्राने दिलेला वेळ परत हिसकावून घेतलेला आहे तिथे. मधली आळी, तुमच्या आईंना त्या दिवशी जे हात रिकामे मिळाले त्या हातांनी पुढे त्यांनी काय केलं, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

मधली आळी

रात्रशाळेत गेली. वयाच्या 46 व्या वर्षी दहावी झाली. गणितात 38.

फुलांचं ते प्रकरण मी घाईत वाचलं होतं, तेवढं मान्य. ‘कुरकुर’ हा शब्द ठेवतोय, मुंबईवरून. आर्मेचर, आईचं मशीन चौदा वर्षं चाललं, बेल्ट दोनदा बदलला, हेही खरं. आता जे आहे ते तिसरं. याचा बोर्ड गेलाय.

आर्मेचर

मॉडेलचा स्टिकर आणि बोर्डाचा मागून-पुढून फोटो पाठवा. रेझिन पातळ असेल तर बघतो. वचन देत नाही.

चवदार

माझं मत बदललेलं नाही. वडिलांची आरी आणि रापी मात्र मी अजून टाकलेली नाही, एवढं सांगते.

कोरडवाहू

संध्याकाळी पाऊस आला. शोरूमचा फोन बंद. शेजाऱ्याची बैलजोडी मागितलीय, उद्या सकाळी सहाला देतो म्हणाला. तिफण माळ्यावरून काढली, फणाचा एक दात सैल आहे, पाचर मारून घेतो.