कविता नेमकी आतच का जाऊन बसते?

फेरीतला: काल गोव्यात रायबंदरला फेरीबोटीची वाट बघत होतो, मोबाईलवर कुणाच्या तरी चार ओळी आल्या, पावसाबद्दलच होत्या खरं तर, आणि एकदम वारलेले बाबा आठवले, गळाच दाटून आला. बाबांचा काय संबंध? असं का होतं?

तांबडीमाती: कारण कवितेत अर्धं सांगितलेलंच नसतं रे, ती मोकळी जागा आपण आपल्या माणसानं भरतो. बातमीत तशी सोय नाही.

फोंड्याची_सून: मला वाटतं आधी लय, अर्थ मागाहून. आजी जात्यावर ओव्या म्हणायची, सासरचं दुःख माणसांसमोर काढायची चोरी होती पण जात्याला सांगितलं तर कोण काय बोलणार? आमच्याकडे पौषात मांडावर (गावातली ठरलेली पवित्र जागा) धालो, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव, होतात त्यातही तेच, बायका समोरासमोर रांगा करून गातात आणि मनातलं आपोआप बाहेर पडतं. (आता अर्ध्या जणी व्हिडिओच काढत असतात, असो.)

तांबडीमाती: भाषेचाही भाग आहे. गोव्याचे कवी बा. भ. बोरकर (१९१०-१९८४) मराठी-कोंकणी दोन्हीत लिहायचे, माझी आई त्यांच्या मराठी कवितेला 'छान' म्हणते, कोंकणीला गप्प बसते.

फेरीतला: आठवलं! बाबा एकदा भर पावसात छत्री फेरीतच विसरून भिजत घरी आलेले.