मदत हवी आहे: दोउरो खोऱ्यातील जुन्या द्राक्षमळ्यावर आईला घेऊन मुक्काम करावा का?

नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस पत्नी, माझी आई आणि मी असे तिघे पोर्तुगालला जाणार आहोत. पोर्तो शहरातून पुढे दोउरो नदीच्या खोऱ्यात जाऊन पिन्यांव गावाच्या आसपास तीन रात्री एखाद्या जुन्या 'किंता'वर, म्हणजे द्राक्षमळ्याच्या मूळ वाड्यात, राहावे असा विचार आहे. यांपैकी काही वाड्यांची आता हॉटेले झाली असली तरी भोवतालचा मळा चालू असतो, आणि मला ओढ आहे ती त्या चालू मळ्याची. वाइनमधले मला फारसे कळत नाही. आई तर ती घेतच नाही. परंतु ज्या प्रदेशाच्या सीमा १७५६ मध्ये सरकारी हुकमाने आखल्या गेल्या, तिथल्या कातळात खोदलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत आजही हाताने द्राक्षे खुडतात, ते एकदा पाहावे अशी फार इच्छा आहे.

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. ती सपाटीवर अर्धा तास आरामात चालते, पण वीस पायऱ्या चढायच्या म्हटल्या की मध्ये दोनदा थांबावे लागते. हॉटेलांच्या छायाचित्रांत गच्चीवरून दिसणारी नदी हमखास असते, त्या गच्चीपर्यंत पोहोचवणारा जिना मात्र कोणीही दाखवत नाही. शिवाय एक जुना अनुभव मनात आहे: दुसऱ्या एका देशात आम्ही ऐतिहासिक वाडा म्हणून आरक्षण केले होते आणि खोली मिळाली ती मागे नव्याने बांधलेल्या इमारतीत. त्यामुळे मूळ वाड्यातच खोली मिळावी, पण ती तळमजल्यावर असावी, ही अपेक्षा अवास्तव आहे का, हे जाणकारांनी सांगावे. भाड्याची गाडी घ्यावी की नाही याबद्दलही मतभेद आहेत, कारण चालवणारा मी एकटाच आहे, रस्ते घाटाचे आहेत आणि तेथे चालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. शेवटचा प्रश्न असा की, त्या सुमारास तोडणी चालू असेल याची खात्री धरता येते का?

प्रतिसाद

गाडीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी. पोर्तोहून आगगाडी साधारण अडीच तासांत पिन्यांवला पोहोचते आणि उत्तरार्धात ती नदीच्या उत्तर तीराला चिकटून जाते, म्हणून जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी. स्थानकाच्या भिंतींवरील निळ्या-पांढऱ्या फरशांवर तोडणीची चित्रे आहेत. ती पाहिल्याशिवाय बाहेर पडू नका. पुढच्या थोड्या अंतरासाठी किंताची गाडी स्थानकावर येईल का, हे आधीच लेखी विचारावे.

खोलीबाबत 'मूळ वाड्यात, तळमजल्यावर' एवढे लिहून भागत नाही. जुने वाडे उतारावर बांधलेले असल्यामुळे एका बाजूचा तळमजला दुसऱ्या बाजूने पहिला मजला ठरतो. खोलीपासून जेवणघरापर्यंत नेमक्या किती पायऱ्या आहेत, हा आकडाच मागावा. उत्तर गोलमोल आले तर ती जागा सोडून नदीकाठच्या सपाटीवरची जागा पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोडणी साधारणतः सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांपर्यंत चालते, परंतु उन्हाळा कडक असेल तर ती लवकर उरकते. शिवाय प्रत्येक मळ्याचे दिवस वेगळे असतात, तेव्हा खात्री धरू नका. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा चौकशी करा. आपल्या आईंनी मळ्याच्या पायऱ्या चढण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण खरे पाहण्यासारखे संध्याकाळी खाली, दगडी हौदांपाशी असते. दिवसभरात खुडलेली द्राक्षे या 'लागारां'त टाकून ती पायांनी तुडवतात. सुरुवातीला माणसे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून ओळीने, संथ तालात पुढेमागे होतात. मग ओळ मोडते आणि संगीत सुरू होते. या खोऱ्यातली गोड, कडक 'पोर्ट' वाइन आंबत असताना दोन-तीन दिवसांतच तीत सुमारे ७७ टक्के मद्यार्काची द्राक्षांची दारू मिसळून आंबणे थांबवतात, म्हणजे साखर शिल्लक राहते. सालींतला रंग उतरायला एवढाच अवधी मिळतो. म्हणून हे तुडवणे जोमाने करावे लागते, आणि पायांखाली बिया फुटत नसल्यामुळे त्यांचा कडवटपणा रसात येत नाही. अर्थात अनेक मळ्यांवर आता हे काम यंत्रे करतात, त्यामुळे पायांनी तुडवतात का आणि पाहुण्यांना जवळ उभे राहू देतात का, हेही विचारून घ्यावे.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पायऱ्यांचा आकडा विचारणारे पत्र आजच तीन ठिकाणी पाठवले आहे. आईला हौदांविषयी वाचून दाखवले तर तिने एवढेच विचारले की, तिथे टेकायला खुर्ची मिळेल का. याचे उत्तर कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.