पाणी बंद झाल्यावर पहिला टँकर कोणाच्या दारी?

म्हसरूळकर: गंगापूर आणि मुकणे धरणांचे पाणी पंपांनी उपसून नाशिकला आणावे लागत असल्याने, वीज उपकेंद्राच्या किंवा जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी शनिवारी शटडाऊन घेतला की रविवारीही नळाला कमी दाबाने पाणी येते. अशा वेळी ज्याचा फोन आधी लागतो त्याच्याकडे टँकर जातो, हे मला मान्य नाही. डायलिसिसच्या चार तासांच्या एका उपचारात, मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने, १२० लिटर द्राव वापरला जातो. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी वेगळेच, त्यामुळे जार मागवून हे काम भागत नाही. डायलिसिस केंद्रे, प्रसूतिगृहे आणि मग साठवणीची टाकी नसलेल्या वस्त्या, असा क्रम शटडाऊनच्या सूचनेतच छापावा.

सिडकोवासी: मी असहमत आहे, कारण यादी आली की वशिला आलाच. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती असा क्रम होता, आणि तो बदलून शेतीला दुसरे स्थान मिळायला २०११ साल उजाडले. त्यापेक्षा सर्वांना समान कपात बरी.

म्हसरूळकर: तो क्रम लेखी होता, म्हणून तर त्यावर भांडता आले! फोनवर ठरलेल्या क्रमावर कोणी आणि कोठे हरकत घ्यायची? शिवाय ज्या बंगल्याखाली दहा हजार लिटरची टाकी आहे त्याला आणि ज्या घरात दोन हंडे व एक पिंप आहे त्याला एक दिवसाची कपात सारखीच जाणवते, असे आपण म्हणू शकाल का?

नाशिकरोडची रहिवासी: वस्त्यांना तिसऱ्या स्थानावर का ठेवले, हे मला समजले नाही. खासगी रुग्णालये शुल्क घेतात, जनरेटर बाळगतात; मग दोन दिवसांचा पाणीसाठा ठेवणे त्यांना का जमू नये? आमच्या गल्लीत मागच्या वेळी टँकर रात्री साडेअकराला आला, आणि तोवर म्हाताऱ्या माणसांनी दुसऱ्या मजल्यापर्यंत कळशा चढवल्या होत्या.

म्हसरूळकर: साठ्याची सक्ती व्हावी, हे मान्य. ती होईपर्यंत मात्र डायलिसिसचा रुग्ण माझ्या मते आधीच. वस्त्यांना मी प्रसूतिगृहांच्या बरोबरीने ठेवीन.

सिडकोवासी: यादी व्हॉल्व्हमनच्या खिशात न राहता प्रत्येक जलकुंभाच्या फाटकावर लावली जाणार असेल, तर मीही विरोध मागे घेतो, मात्र तिच्यात एखाद्या हॉटेलाचे नाव दिसले, तर पहिली तक्रार माझीच असेल.