मदत हवी आहे: निदान न झालेल्या न्यूमोनियासाठी जनुकीय तपासणी

नमस्कार. नागपुरात धंतोलीतील एका रुग्णालयात माझे वडील न्यूमोनियासाठी दाखल आहेत. थुंकीच्या कल्चरमध्ये काहीच वाढले नाही, सीबीनॅट या क्षयाच्या जनुकीय चाचणीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत, तरीही ताप आणि धाप उतरत नाही. आता डॉक्टरांनी दुर्बिणीतून फुप्फुसातला द्रव काढून त्याची मल्टिप्लेक्स पीसीआर तपासणी सुचवली आहे. ती एकाच वेळी अनेक जंतूंची जनुके शोधते, पण आधी ठरवलेल्या यादीतील जंतूंचीच. मेटाजीनोमिक सिक्वेन्सिंगमध्ये मात्र नमुन्यातील सर्व जनुकीय द्रव्य वाचले जाते, आणि वुहानमधील अनाकलनीय न्यूमोनियामागचा नवा कोरोनाविषाणू याच मार्गाने ओळखला गेला.

सिक्वेन्सिंगसाठी नमुना आताच राखून ठेवण्याचा आग्रह धरावा का? अँटिबायोटिक आधीच सुरू असल्याने निष्कर्षावर कितपत विसंबावे? नागपुरातून असा नमुना कोणी पाठवला असल्यास कृपया अनुभव सविस्तर कळवावा.